चक्कीच्या तीन खाचा

गुद्रूनकाकूंच्या अंगणात दोन गाड्या दोन बाजूंनी एकाच वेळी शिरल्या आणि नाकाला नाक लावून थांबल्या. ऑगस्टची अखेर होती. पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. एका गाडीतून सुन्निव्हा उतरली. दुसरीतून एक उंच, लांबोळक्या चेहऱ्याचा माणूस उतरला. त्याच्या बुटांना शेण लागलेलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

"चक्की?" त्याने विचारलं.

"चक्कीच," सुन्निव्हा म्हणाली. "मी सकाळी फोन केलाय काकूंना."

"मी काल संध्याकाळीच केला होता."

"काकू सहानंतर फोन उचलत नाहीत."

"नाहीच उचलला. पण मी केला होता हे खरं आहे ना?"

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. एकाच वस्तूवर डोळा असलेल्या माणसाला हसून दाखवू नये, एवढं व्यवहारज्ञान तिला होतं.

गुद्रूनकाकू दोघांना पडवीत घेऊन गेल्या आणि त्यांनी ताडपत्री ओढली. खाली त्यांच्या नवऱ्याची चक्की होती. दोन जाडजूड, खरबरीत पोलादी रूळ, वर दाणे ओतायला पत्र्याचं चाडं, खाली पोतं अडकवायला आकडे. बाजूला एक गुंडी होती. ती फिरवली की रुळांमधली फट एकेका खाचेने कमीजास्त व्हायची, खट्, खट्. गुंडीवरचे आकडे कधीचेच झिजून पुसले गेले होते.

सुन्निव्हाने तीन आठवडे चक्क्यांमागे घालवले होते. घरी होतं ते हाताने फिरवायचं लोखंडी जातं. ते दाणा फोडायचं कमी आणि चिरडायचं जास्त, शिवाय ते फिरवणाऱ्या बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. पिठाची विजेची गिरणी तर नकोच. बिअरला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, भरडा लागतो, पीठ नव्हे. राहिल्या दुकानातल्या चकचकीत चक्क्या.

"दुकानातल्यांचे रूळ बोटाएवढे असतात," तो माणूस चाड्यात डोकावत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "घरच्या माल्टमध्ये दाणे लहानमोठे. मोठा दाणा आला की ते नुसते घसरत बसतात. हे बघा... हे रूळ दाण्याला धरून आत ओढतील."

सुन्निव्हाने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. साठीच्या आतल्या माणसाने चक्कीबद्दल असं काही बोललेलं तिने या खोऱ्यात ऐकलं नव्हतं. डोळे करडे होते. बरे होते. त्यापुढे तिने त्या दिवशी विचार केला नाही.

"तर मग कोण घेणार?" काकूंनी विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले.

"बरं झालं. दोघं मिळून घ्या," काकू म्हणाल्या. "माल्टघर आठ घरांत चालतं, चक्की दोघांत चालायला काय धाड भरली आहे? आणि सुन्निव्हा, तू तर वेळ घालवूच नकोस. मागच्या नाताळात तुमच्याकडे बिअर झाली नाही. यंदाही नाही झाली तर वही काय म्हणते, माहीत आहे ना?"

माहीत होतं. खोऱ्यातल्या आठ घरांचं मिळून नदीकाठी एक माल्टघर होतं. तिथे पाळीपाळीने जवाला मोड आणायचे, आल्डरच्या लाकडाच्या धुरावर तो वाळवायचा आणि नाताळची बिअर घालायची. ज्या घरी लागोपाठ दोन नाताळ बिअर झाली नाही, त्या घराची जागा जायची. ती मिळायची वहीतल्या यादीत पहिलं नाव असेल त्याला. वही गुद्रूनकाकूंकडे असायची. त्या माल्टघराच्या भट्टीचे दगड सुन्निव्हाच्या पणजोबांनी पाठीवर वाहिलेले होते, आणि ही गोष्ट तिचे बाबा वर्षातून चारदा तरी सांगायचे.

"यादीत पहिलं कोण आहे सध्या?" तिने विचारलं.

काकूंनी नजर त्याच्याकडे वळवली. त्या माणसाने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "हाल्दोर."

"वा!" सुन्निव्हा म्हणाली. "म्हणजे माझी बिअर फसली की तुझं भलं."

"तसंच आहे ते."

"आणि आपण दोघांनी एक चक्की घ्यायची."

"काकू म्हणतात तर..."

ती घेतली. पहिले पंधरा दिवस कुणाकडे, हे नाणं उडवून ठरलं आणि सुन्निव्हा हरली.

हाल्दोर पश्चिमेकडचा, फ्योर्डकाठच्या गावातला. धंदा गाईंचे खूर कापायचा. खोऱ्यातल्या गोठ्यागोठ्यातून तो फिरायचा, त्यामुळे दोन वर्षांत त्याची ओळख माणसांपेक्षा गाईंशी जास्त झाली होती. वरच्या अंगाला त्याने एक घर भाड्याने घेतलं होतं. सुन्निव्हा शहरात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी बाबांकडे परतायची. बाबा म्हणजे सिव्हर्ट. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. खांदा गेल्यापासून सिव्हर्ट खिडकीत बसून जगाच्या चुका काढायचे.

पंधरा दिवसांनी, रविवारी चक्की तिच्याकडे आली तेव्हा सुन्निव्हाने मापाच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि रुळांच्या फटीत एकेक घालून पाहायला लागली.

"हे काय चाललंय?" हाल्दोरने विचारलं.

"मोजतेय. तू फट बारावर ठेवली आहेस. मिलिमीटरचे बारा दशांश."

"बरोबरच आहे."

"काय बरोबर आहे? अर्धे दाणे सबंध राहतील. गोडवा उतरणार कुठून? नऊ पाहिजे." तिने गुंडी उजवीकडे फिरवली. खट्, खट्, खट्.

"नऊवर साल फाटते. साल फाटली की पिंपात चिखल होतो. तोटी तुंबते."

"साल कोरडी असली तर फाटते. मी दळायच्या आधी माल्टवर पाणी शिंपडते. चिमूटभरच. साल चिवट होते, आतला दाणा तेवढा फुटतो."

"शिंपडतेस? कुंडीतली झाडं आहेत का ती?"

"तुझं ते गाईंना सांग."

"सांगतो. त्या ऐकून तरी घेतात."

तो गेल्यावर बाबा खिडकीतून म्हणाले, "हा मुलगा वीस मिनिटं नुसता उभा होता. चक्की ठेवायला दोन मिनिटं लागतात."

"फट मोजत होतो, बाबा."

"मोजा, मोजा," बाबा म्हणाले.

मग हे असंच सुरू राहिलं. पंधरा दिवस चक्की त्याच्याकडे, पंधरा दिवस हिच्याकडे. त्याच्या भावाने गावाकडून माल्टची पोती पाठवली होती, त्यातून तो छोटी छोटी पिंपं घालून पाहायचा. हिच्याकडे जुना उरलेला थोडा माल्ट होता, त्यावर ही हात बसवत होती. तिच्याकडे चक्की आली की तीन खाचा उजवीकडे, त्याच्याकडे गेली की तीन खाचा डावीकडे. दुसऱ्या खेपेपासून सुन्निव्हाने मोजायचं सोडून दिलं. चक्की टेकवायची, हात आपोआप गुंडीवर जायचा, खट्-खट्-खट्, झालं.

चक्की जड होती, एकट्याने उचलायची नव्हती. दोघांनी दोन्हीकडून धरायची, खालून. एकदा तिची बोटं त्याच्या बोटांवर आली. काढून घ्यावी तर चक्की पायावर पडणार... म्हणून तिने ती तशीच ठेवली. कारण अगदी रास्त होतं. पडवीपर्यंतचं अंतर त्या दिवशी बरंच कमी वाटलं.

एकदा पाऊस एवढा आला की त्याने अंगातलं जाकीट काढून चक्कीवर टाकलं आणि स्वतः नखशिखांत भिजला.

"अरे, चक्की पोलादाची आहे," सुन्निव्हा म्हणाली. "तू नाहीस."

"गंजते ती."

"आणि तू?"

"मला कुणी पुसून ठेवलं तर नाही गंजणार..." हे तोंडातून गेल्यावर त्याचे कान लाल झाले आणि तो गाडीत काहीतरी शोधू लागला. तिथे काहीही नव्हतं. सुन्निव्हाने आतून टॉवेल आणून त्याच्या डोक्यावर फेकला. पुसून मात्र दिलं नाही. तिला ते करावंसं फार वाटलं होतं.

ऑक्टोबरात तिची माल्टघरातली पाळी आली. आठ दिवस ती कामावरून थेट नदीकाठी जायची, मोड आलेले जव लाकडी फावड्याने परतायची, भट्टीत लाकूड सारायची. केसांना धुराचा वास लागला तो धुतला तरी जाईना. दुकानातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, इथे काही जळतंय का? चाळीस किलो माल्ट तयार झाला. बरोबर एका पिंपापुरता. जवही संपले, पाळीही संपली. म्हणजे हे पिंप फसलं तर दुसरं नाही.

त्या रविवारी हाल्दोरने एक बरणी आणली. तिच्यात खपल्यांसारखे तपकिरी तुकडे होते.

"आजीचं विरजण आहे. बिअरचं. वाळवलेलं. आमच्याकडे प्रत्येक घरचं वेगळं असतं. तुझ्या पिंपाला वापर."

"माझी बिअर चांगली व्हावी म्हणून तू विरजण देतोस? यादीतला पहिला माणूस?"

त्याने खांदे उडवले.

"जागा नाही मिळाली तर काय करशील?" तिने विचारलं.

"भाऊ बोलावतोय. भाड्याचं घरही मार्चपर्यंतच आहे. भट्टी नाही, शेत नाही... मग इथे राहायचं कशावर? गाई तर तिकडेही आहेत."

"म्हणजे माझी बिअर झाली तर तू जाणार."

"हो."

"आणि फसली तर राहणार."

"हो."

"मग रोज मनात काय मागतोस?"

"मी..." तो अडखळला. "मी रोज खूर कापतो."

सुन्निव्हाला राग आला. कशाचा ते तिला चांगलंच ठाऊक होतं. तिला तो आवडत होता. साधासुधा नव्हे, जेवता जेवता घास हातात राहावा इतका. आणि आवडून उपयोग काय, तर पणजोबांच्या भट्टीतली जागा टिकवायची म्हणजे याला पश्चिमेच्या गाडीत बसवून द्यायचं. मग तो राग निघाला गुंडीवर.

"दर वेळी मीच फिरवायची ही! तू फिरवून आणलीस तर बोटं झिजतील का तुझी?"

"झिजली तर गाई काय म्हणतील?" तो म्हणाला आणि गेला.

ती पुढे हे बोलणं विसरूनही गेली. रागात बोललेलं विसरायची तिची सवय जुनी होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी बिअर घालायची होती. आदल्या दिवशी हाल्दोर कुणाला तरी हाताशी घेऊन चक्की ठेवून गेला. ती कामावर होती, भेट झाली नाही. संध्याकाळी तिने पडवीत माल्ट पसरला, चिमूटभर पाणी शिंपडलं, रूळ फिरवायला चक्कीला ड्रिल जोडलं. हात गुंडीवर गेला. खट्-खट्-खट्. चाड्यातून दाणे आत जाऊ लागले, खालच्या पोत्यात दळण पडू लागलं. ड्रिल नेहमीपेक्षा जास्त कण्हत होतं; तिला वाटलं, जुनं झालंय. तिचं लक्ष तिथे नव्हतं. हा मार्चमध्ये जाईल तेव्हा चक्की कुणाकडे राहील, हा विचार तिला छळत होता. दिवसभर भिंगांचे शतांश मोजणाऱ्या बाईने त्या दिवशी चाळीस किलो दळण एकदाही हातात घेऊन न बघता पोत्याचं तोंड शिवून टाकलं.

सकाळी जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या घालून पाणी तापवलं. पिंपाच्या तळाशी फांद्यांचा थर घातला, गाळणीसाठी. मग दळण आणि गरम पाणी ओतून सगळं मुरत ठेवलं. घरभर गोडसर, धुरकट वाफ झाली. बाबा खुर्ची ओढून पिंपाशेजारी बसले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी कशालाच नाव ठेवलं नव्हतं. दहाच्या सुमाराला सुन्निव्हाने तोटी उघडली.

चार थेंब पडले. पाचवा लोंबकळत राहिला.

तिने तोटीत काडी घातली. तोटीवर चापट्या मारल्या. तोटीला शिव्या दिल्या. बाबांनी चांगला हात पिंपात घातला, मूठभर लगदा वर काढला आणि बोटांनी चोळला.

"हे पीठ आहे, सुन्निव्हा," ते म्हणाले. "साल शिल्लकच नाही."

"शक्य नाही. मी नऊवर दळलंय. दर वेळी नऊवरच—"

"चक्की कुणाकडून आली होती?"

तिने पडवीकडे पाहिलं.

"यादीत पहिला तोच ना?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हातारी माणसं वाईट बातमी सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं.

सुन्निव्हाने फोन लावला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मिळाली तुला जागा."

"काय झालं?"

"पीठ झालं! सगळं तुंबलंय. काय केलंस चक्कीला? एकदा सांगितलं असतंस ना तोंडावर, की मला जागा हवी आहे... मी दिली असती, हाल्दोर! मूर्खासारखी दिलीही असती!"

पलीकडे अवजार खाली टाकल्याचा आवाज झाला. मग, "गरम ठेव. थंड होऊ देऊ नकोस. आलो," एवढंच, आणि फोन बंद.

वीस मिनिटांत तो आला. कुणाच्या तरी गोठ्यातून अर्धं काम टाकून आला होता. पाठीवर ओटच्या तुसाचं भलंमोठं पोतं. तो पिंपापाशी गेला, लगदा बोटांवर घेतला आणि त्याने सुन्निव्हाकडे पाहिलं.

"तू मोजलं नाहीस?"

"मी काय मोजायचं? तू बारावर ठेवतोस, मी तीन खाचा फिरवते. नेहमीसारखं."

"मी..." तो थांबला. "मी नऊवर ठेवून आणली होती. तुझ्या मापावर. तू म्हणाली होतीस ना... मी फिरवून आणली तर बोटं झिजतील का, म्हणून. मला वाटलं, तू पट्टी घालशील, बघशील, आणि... तुला कळेल."

सुन्निव्हा उभीच राहिली. नऊमधून तीन गेले. सहा. सहावर दळलं तर पीठच होणार, दुसरं काय होणार! तिची तिलाच एवढी लाज वाटली की तिने तोंड हातांत लपवलं. आणि लाजेच्या खाली, अगदी वेळकाळ न बघता, दुसरंच काहीतरी उसळून वर येत होतं. याने माझ्या मापावर ठेवली होती...

"रडायचं नंतर," हाल्दोर म्हणाला. "बादल्या आण."

"रडत नाहीये मी."

"बरं, जे चाललंय ते नंतर. बादल्या!"

दोघांनी पिंप उपसलं. बादलीमागून बादली लगदा बाहेर काढला, तळ घासला, जुनिपरच्या ताज्या फांद्या आडव्याउभ्या रचल्या. कढत पाण्यातून काढलेलं तूस त्या पिठाळ लगद्यात कालवलं. हरवलेल्या सालीच्या जागी दुसऱ्या धान्याची साल. मग हळूहळू, धार लावून, सगळं पुन्हा आत ओतलं. वाफेत त्याचा चेहरा दिसायचा, पुसला जायचा, पुन्हा दिसायचा. त्याच्या भुवयांवर तूस चिकटलं होतं. तिने ते बोटाने काढलं. बाबा ताबडतोब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"बसून राहू दे. अर्धा तास," हाल्दोर म्हणाला.

"हाल्दोर, हे वाहिलं तर तुझी जागा..."

"माहीत आहे मला."

"मग कशाला धावत आलास?"

"तुंबलेलं पिंप बघवत नाही मला," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, हे तिला आता पाठ होतं.

अर्ध्या तासाने तिने तोटी उघडली. आधी गढूळ आलं. मग बारीक धार, मग करंगळीएवढी, तपकिरी, स्वच्छ, गोड. सिव्हर्टनी पेला खाली धरला, प्यायले आणि डोळे मिटून बसले.

साडेतीनला बाहेर अंधारलं तोवर रस उकळून निवाला होता. आजीचं विरजण घालायची वेळ झाली. आता या घरची रीत अशी की विरजण घालणाऱ्याने पिंपावर वाकून जीव खाऊन ओरडायचं. जेवढं ओरडणं कडक तेवढी बिअर कडक. विरजण हाल्दोरचं, तेव्हा ओरडायचं त्याने, असा बाबांनी निकाल दिला. हाल्दोर वाकला, खाकरला आणि ओरडला.

"कोकरू शिंकलं का रे कुठे?" बाबांनी विचारलं.

सुन्निव्हा पोट धरून हसली. मग तिने पिंपावर वाकून असा काही आवाज काढला की खुंटीवरचं झाकण खाली पडलं. त्या आरोळीत आनंद होता, त्यापेक्षा जास्त रडू होतं. बिअर होणार होती, म्हणजे तो जाणार होता.

त्यानंतरचे तीन आठवडे हाल्दोर फिरकला नाही. डिसेंबरात गोठ्यांची कामं फार, असा निरोप आला. चक्की सुन्निव्हाच्या पडवीत होती. ती येताजाता गुंडीला हात लावायची आणि काढून घ्यायची.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी माल्टघरात सगळे जमले. आठ घरांची माणसं, आठ घरांची बिअर, मधे भट्टी पेटवलेली. दाराजवळ यादीतले लोकही उभे होते. हाल्दोर सगळ्यात मागे. पेले फिरले. सुन्निव्हाची बिअर जरा पातळ आहे असं दोघातिघांनी म्हटलं, पण दुसरा पेला कुणी नाकारला नाही. गुद्रूनकाकूंनी चष्मा चढवून वही उघडली.

"सिव्हर्टचं घर," त्या म्हणाल्या. "बिअर झाली आहे. मी प्यायले आहे. जागा कायम."

टाळ्या झाल्या. बाबा नाक शिंकरत होते. सुन्निव्हाने दाराकडे पाहिलं नाही.

"आता यादी. पहिलं नाव, हाल्दोर. यंदा जागा रिकामी झाली नाही, तेव्हा नाव पुढच्या साली—"

"काकू," दारातून आवाज आला. "माझं नाव खोडा."

सुन्निव्हाच्या हातातला पेला हलला आणि बिअर बाहीवर सांडली. म्हणजे ठरलं याचं. निरोपाचे चार शब्दही बोलला नाही.

"परत चाललास गावाला?" काकूंनी विचारलं.

"नाही. मी फक्त नियम विचारतोय." तो दोन पावलं पुढे आला. कान पेटलेले. "एका घराला एकच जागा ना?"

"एकच. पहिल्यापासून."

"मग एकाच घरातली दोन माणसं वहीत कशाला? एकाची जागा आहेच... दुसऱ्याचं नाव यादीत ठेवणं बरं दिसत नाही."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. बाबांना मुळीच लागला नाही. त्यांनी पेला भरून घेतला. सगळं माल्टघर सुन्निव्हाकडे बघू लागलं.

"मला विचारलंस का आधी?" ती म्हणाली. आवाज तिला हवा तसा निघाला नाही.

"आत्ता विचारतोय."

"एवढ्या सगळ्यांसमोर?"

"तीन आठवडे गोठ्यांमध्ये तालीम केली, सुन्निव्हा. गाईंना पाठ झालंय. एकटीसमोर आवाज फुटला नसता... सिव्हर्टकाकांनी ऐकलाय तो."

"आणि फट? नऊ की बारा?"

"तू म्हणशील ते. फक्त मोजत जा गं."

लोक हसले. सुन्निव्हा हसली नाही. ती उठली, माणसांमधून वाट काढत काकूंपाशी गेली आणि तिने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली. वहीच्या पिवळट पानावर पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. तिने त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

घाईत रेघ पार वाकडी गेली आणि खालच्या बिचाऱ्या दुसऱ्या नावालाही थोडी लागली. काकूंनी ते नाव पुन्हा नीट लिहून घेतलं.